जाम नदीच्या दोन काठांवर

नागपूरहून रेल्वेने इटारसीकडे निघाले की काटोल, नरखेड मागे पडते आणि राज्याची हद्द ओलांडून गाडी पांढुर्ण्याला येते. पाट्या हिंदीत, बोलणे मात्र वैदर्भी मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि पांढुर्णा, सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा आणि सौंसरजवळच्या जामसावळीचा पहुडलेला मारुती पाहावा असा आहेच. पण या मुलखाचे नाव दूरवर गेले ते गोटमारीमुळे.

आपल्याकडे कारहुणवी ज्येष्ठी पौर्णिमेलाच होऊन जाते. तिकडे बैलांचा पोळा श्रावण अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. दरवर्षी शेकडो जखमी होतात, आजवर कित्येक जीव गेले आहेत. कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला; नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडच्यांनी उलट मारले. दोघे सुखरूप पोचले असे कोणी म्हणतात, पात्रातच गेले असेही म्हणतात.

दगड मारायला दोन्ही काठ हजर होते. ती दोघे निघाली तेव्हा मात्र विश्वासाने सांगावे असे त्यांना कोणीच नव्हते. मला ही कथा आठवते ती आपल्या परदेशी गेलेल्या मुलामुलींमुळे. शिकायला, नोकरीला, फिरायला ती जातात. फोनवरच्या अ‍ॅपवर ओळख होते, भेट ठरते. वय आहे, भेटावे. पण घरून दगड येतील या भीतीने भेटीची जागा आईला नाही, बहिणीलाही नाही, कुणालाच सांगितलेली नसते.

ही भीती वायफळ नाही. कोलंबियातील अमेरिकी वकिलातीने जानेवारी २०२४ मध्ये इशारा दिला, की मेडेयीन शहरात मागच्या वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत आठ अमेरिकी नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले. काहींत गुंगीचे औषध आणि लुटीचा संशय होता, काहींत डेटिंग अ‍ॅपवरची ओळख होती. जून २०२५ मध्ये मेक्सिकोतील पुएर्तो वायार्ता भागाबद्दल, अशा ओळखीतून झालेल्या अपहरणांमुळे तसाच इशारा निघाला. मरण पावलेल्यांत बहुतेक पुरुष होते, तेव्हा ही काळजी केवळ मुलींच्या आयांनी करायची नाही.

भेटीआधी एकदा व्हिडिओवर बोलावे. कॅमेरा सतत बिघडलेला असेल तर भेट सोडून द्यावी. पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, जागा शक्यतो आपण निवडलेली. समोरच्याने ठराविकच हॉटेलचा आग्रह धरला तर सावध व्हावे, कारण भरमसाट बिल लावून लुबाडण्याचे प्रकार आपल्या दिल्ली-मुंबईतही झाले आहेत. जाणे-येणे स्वतःच्या खर्चाने, परतीची शेवटची गाडी आधी पाहून. पासपोर्ट खोलीवर कुलपात, खिशात त्याची झेरॉक्स. पेला नजरेआड झाला की तो पिऊ नये. त्यांच्या घरी किंवा आपल्या खोलीवर पहिल्याच भेटीत जाऊ नये. काही देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत आणि तिथे अ‍ॅपवरून सापळे लावले जातात, म्हणून कायदा आधी वाचावा. संकटात युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११.

आणि एक माणूस. तो रागावणारा नसावा, एवढीच अट. मावशी, वहिनी, चुलतभाऊ, कोणीही चालेल. कोणाला, कुठे, कधी भेटणार हे त्याला कळवून, फोनवरून आपला ठावठिकाणा त्याला दिसत राहील असे करावे. ठरल्या वेळी त्याने फोन करावा.

इथे आपल्या दोन भाषांच्या घरांची एक सोय आहे. फोनवर घरच्या माणसाने विचारावे, ‘ऊट आय्ता?’ ‘आय्तु’ म्हटले तर सगळे ठीक. ‘इन्नू इल्ल’ असे उत्तर आले, तर पाच मिनिटांनी पुन्हा फोन करून मोठ्याने सांगावे, की घरी पाहुणे आलेत, लगेच निघ.