सेंट पँक्रासचे रेल्वे हॉटेल



लंडनला गेलेली माणसे राजवाडा बघतात. मी तुम्हाला एका स्टेशनावर नेणार आहे. नाव सेंट पँक्रास. ज्यांनी आपले व्ही.टी. पाहिले आहे, त्यांनी रस्त्यावरून वर नजर टाकली की तोंडातून "अगं बाई!" निघतेच. तसलेच मनोरे, तसल्याच टोकदार कमानी, फक्त इथे सगळी लाल वीट. नातीला म्हटलं, "ही मुंबईची थोरली बहीण." थोरलीच, कारण स्टेशनासमोरचे हे हॉटेल १८७३ साली उघडले, आणि व्ही.टी.चे काम सुरू झाले १८७८ साली. दुसरे नाते तर सख्खेच. हॉटेलचा आराखडा काढणारे गिल्बर्ट स्कॉट यांनीच आपल्या राजाबाई टॉवरचाही आराखडा काढला, तोही मुंबईत पाऊल न टाकता!

तेव्हा हे हॉटेल म्हणजे केवढा थाट! पाण्याच्या दाबाने चालणारी लिफ्ट होती, बायकांना सिगारेट ओढायला वेगळी खोली होती. (आजीबाई, हसू नका.) पण खोल्या सुमारे ३०० आणि न्हाणीघरे मोजकीच. पाहुण्यांची भांडी नोकरांनी उचलायची. मी जन्मभर वॉर्डात बेडपॅन उचलले, म्हणून त्या बिचाऱ्या पोरींचे हाल मला न सांगता कळतात. पुढे लोकांना खोलीलाच लागून बाथरूम हवी झाली. आगीपासून बचावासाठी जमिनी इतक्या जाड केलेल्या की त्यातून नळ न्यायचे कसे? १९३५ साली हॉटेल बंद पडले आणि तिथे रेल्वेची ऑफिसे आली.

१९६० नंतर पाडायचीच गोष्ट निघाली. शेजारच्या युस्टन स्टेशनची मोठी दगडी कमान लोक नको नको म्हणत असताना पाडून टाकली होती. त्या दुःखाने माणसे जागी झाली. जॉन बेट्जमन नावाचे कवी यासाठी फार झगडले. १९६७ साली इमारतीला पहिल्या दर्जाचे संरक्षण मिळाले. मुंबईत काळा घोड्याला, डेव्हिड ससून लायब्ररीजवळ वॉटसन हॉटेलची लोखंडी इमारत आठवते ना? १८७१ साली सुरू झालेली. ती धोक्याची झाली म्हणून २०१९ साली रिकामी करावी लागली. तिची हाडे जपायला असाच कोणी हट्टी माणूस हवा, असे मला वाटते.

इथे मात्र २००७ साली पॅरिसच्या गाड्या आल्या, आणि २०११ साली हॉटेल पुन्हा उघडले. बहुतेक खोल्या मागच्या नव्या भागात बांधल्या, वरच्या मजल्यांवर फ्लॅट झाले. भिंतींचे जुने रंग, सोनेरी वेलबुट्टी, तो दुहेरी जिना, सगळे परत उजळले. आतल्या बारमध्ये पूर्वी तिकिटाची खिडकी होती. एका रात्रीचे भाडे ऐकून मी मुकाट्याने चहाच घेतला, तोही महागच!

बालमित्रांनो, एक गंमत. प्लॅटफॉर्मखालचे लोखंडी खांब बिअरच्या पिंपांच्या मापाने उभे केलेत, कारण तिथे बर्टन गावाहून आलेली पिंपे ठेवीत. आता तिथे दुकाने आहेत.

गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये. स्टेशनात लिफ्ट आहे आणि नुसते बघायला तिकीट लागत नाही. वर गेलात की बेट्जमन यांचा पुतळा शोधा. एका हाताने टोपी धरून छपराकडे बघत उभे आहेत.