क्लच सोडताना

माझ्या लहानपणी धुळ्यात मोटार म्हणजे दोनच, अँबॅसिडर नाहीतर फियाट. आप्पांची फियाट होती, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तिचा गिअर खाली जमिनीवर नव्हता. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आडवा दांडा होता. त्यामुळे पुढची सीट सलग असायची आणि आप्पा नि आई यांच्या मधली जागा धाकटीची, म्हणजे माझी. आप्पांचा डावा हात ऐन डोळ्यांसमोर. इंजिनाचा आवाज चढत जायचा, हात हलायचा, क्षणभर आवाज पडायचा आणि मग खालच्या पट्टीत पुन्हा धरायचा. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरेपर्यंत मी डोळे मिटून सांगायची, गाडी कितव्यात आहे ते. पाय मात्र मला दिसत नसत, आणि गिअरची गाडी खरी चालते ती डाव्या पायावर.

भाऊ अठराचा झाला तसा आप्पांनी त्याला गोंदूरच्या रस्त्यावर नेऊन गाडी शिकवली. मला कुणी नाही म्हटलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आमच्या गल्लीत तेव्हा एकही बाई मोटार चालवत नव्हती.

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा दारात मारुती आठशे होती. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत आमच्यासारख्या कितीतरी नोकरदार घरांत मोटार आली. हलकी गाडी, हलका क्लच, खाली जमिनीवर चार गिअर. हिच्यावर बायका शिकल्या. खानदेशातल्या बाईच्या हाती स्टिअरिंग आलं त्याचं मोठं श्रेय मी या गाडीला देते.

मी शिकले मे महिन्यात. जळगावचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या घरात, तेव्हा शिकायचं ते उजाडता उजाडता, मेहरूण तलावाच्या बाजूला. शिकवणारे काका अमळनेरकडचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला त्यांच्या बाजूनेही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं आपण चालवतोय, आणि खाली भलताच पाय काम करत असतो. काकांनी पहिल्याच आठवड्यात आपले पाय मागे ओढून सीटखाली घेतले आणि म्हणाले, ‘‘आता गाडी तुमची.’’ मग सांगितलं, रेसला पायच लावायचा नाही. पहिला गिअर टाका, टाच खाली टेकवा आणि नुसता क्लच सोडत या.

क्लच सोडताना एक जागा येते. आधी पेडल मोकळं वर येत असतं, काहीच घडत नाही. मग इंजिनाचा आवाज जरासा बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, सीटमधून पाठीला बारीक थरथर कळते. तिथे पाय थांबवायचा. गाडी आपण होऊन, रेस न देता, सरकू लागते. ‘‘घाई काय शे, ताई?’’ काका म्हणायचे. तलावाकाठच्या त्या रस्त्यावर कितीतरी सकाळी मी एवढंच केलं: थांबायचं, सोडायचं, ती जागा पकडायची, पुन्हा थांबायचं. स्टिअरिंग, आरसे, रिव्हर्स, सगळं नंतर आलं आणि सोपं गेलं.

असं का करावं लागतं ते पुढे एका मेकॅनिकने इंजिन खाली उतरवलेलं असताना दाखवलं. इंजिनाबरोबर फिरणारी जड लोखंडी चकती म्हणजे फ्लायव्हील. तिला दाबून बसणारी क्लच प्लेट गिअरबॉक्सला जोडलेली असते. पेट्रोलच्या इंजिनाला अगदी शून्यापासून ओझं उचलता येत नाही; मिनिटाला सात-आठशे फेरे तरी त्याचे चालू असावे लागतात. चाकं तर उभी. फिरणाऱ्याची आणि उभ्याची गाठ एकदम मारली तर इंजिन बंद पडणार. म्हणून प्लेट आधी घसरू द्यायची, घसरत घसरत दोघांचा वेग जुळू द्यायचा आणि मगच पाय पूर्ण उचलायचा. ही घसरण किती वेळ चालू द्यायची, हे क्लच सोडणाऱ्या पायाला कळावं लागतं. फार वेळ दिला तर प्लेट जळल्याचा वास येतो. विजेच्या मोटरीला हा खटाटोप नाही, ती उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. विजेच्या गाडीत क्लच नसतो तो यामुळेच.

जळगाव-धुळे हा माझा माहेरचा रस्ता, नव्वदेक किलोमीटरचा. जुना नॅशनल हायवे सहा, सुरतेकडून थेट कलकत्त्याकडे जाणारा. आता त्याला त्रेपन्न म्हणतात. तेव्हा दोनच पदरी होता. बांभोरीला गिरणेचा पूल, पुढे विद्यापीठ, पाळधी, मग एरंडोल, पारोळा, फागणे. प्रत्येक गाव हायवेच्या अंगावर आलेलं. एरंडोलच्या वस्तीत दुसरा. पारोळ्याच्या बाजाराच्या दिवशी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. दिवाळीनंतर कापसाच्या बैलगाड्या जिनिंगकडे निघालेल्या असत. त्यांच्यामागे तिसऱ्यातही गाडी कण्हायची. ट्रकमागे अडकलं की तिसऱ्यावर यायचं, ड्रायव्हरच्या खिडकीतून हात हलण्याची वाट बघायची, आणि तो ‘जा’ म्हणाला तरी समोरचं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच बाहेर निघायचं. जोर तिसऱ्यात असतो. चौथ्यात ओव्हरटेक करायला जाणारी माणसं मी त्या रस्त्यावर बघितली आहेत, आणि पुढून येणारा ट्रकही.

आई आजारी पडली त्या वर्षी हा रस्ता पायाला पाठ झाला. फोन आला की निघायचं. कुणाला सुट्टी आहे का, एसटी कितीला आहे, ड्रायव्हर मिळेल का, यातलं काही विचारावं लागलं नाही. घरातल्या बाईला गाडी येते याचा अर्थ मला त्या वर्षी कळला. दवाखान्याच्या आवारात आप्पांनी एकदा मला गाडी मागे घेताना पाहिलं, काही न बोलता खिडकीशी आले आणि म्हणाले, ‘‘क्लच चांगला सोडतेस.’’ आप्पा कौतुक करणाऱ्यांतले नव्हते.

कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरण्याआधी त्यांनीच सांगितलेला नियमही अजून वापरते: घाट ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. तापीकाठच्या सपाटीवर शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागतं. उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. दुसऱ्यात ठेवली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं.

आता हायवे चौपदरी झाला. फागणे ते तरसोद हे काम वर्षानुवर्षं रखडलं होतं, त्या खड्ड्यांनी खानदेशाचे किती बळी घेतले ते इथे कुणाला सांगायला नको. रस्ता रुंद झाला याचा मला मनापासून आनंद आहे. एरंडोल, पारोळा बायपासवरून बाजूला राहतात. बराच वेळ गाडी पाचव्यातच असते आणि डाव्या पायाला काम उरत नाही.

लेक पुण्यात असते. तिची गाडी एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नाही, गिअर आपोआप पडतात. २०१४ मध्ये सेलेरियोतून हा प्रकार आपल्याकडे स्वस्त गाडीत आला आणि शहरातल्या गर्दीला तो फार सोयीचा आहे. पण त्या गाडीच्या पोटात क्लच प्लेट तीच, गिअरबॉक्स तोच; पेडल दाबण्याचं काम तेवढं यंत्राकडे गेलं. लेक विचारते, मग मी कशाला शिकू? मी तिला सांगते, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा दारात उभी असेल तीच गाडी काढावी लागते, आणि आपल्या गावाकडे ती बहुधा गिअरचीच असते. गेल्या उन्हाळ्यात ती आली आणि मेहरूणला त्याच रस्त्यावर मी तिच्या शेजारी बसले. आमच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, हँडब्रेकवर हात ठेवून बसले. रेसला पाय लावू नको, एवढंच सांगितलं. चौथ्या सकाळी बॉनेट उचललं आणि गाडी सरकली.

इंग्लंडात ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर ऑटोमॅटिकच चालवता येते. आपल्याकडे मोटारीच्या लायसन्सात असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेला माणूस दुसऱ्याच दिवशी गिअरची गाडी घेऊन कायद्याने हायवेवर येऊ शकतो. आरटीओ त्याला अडवत नाही. तेव्हा हे आपलं आपणच बघायचं आहे. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. ते तीस दिवस गिअरच्या गाडीवर घाला, पुढे हवी ती गाडी घ्या. आणि घरात अठरा पूर्ण झालेली मुलगी असेल, तर तिने विचारण्याची वाट बघू नका.