शाळा सुटलेल्या पोरांचं काय, डॉक्टर?

डॉ. विक्रम पटेल यांस,


सोलापूरच्या नवी पेठेतून लिहितो आहे. पुण्यातली नवी पेठ वेगळी. तिथं स्पर्धा परीक्षांची पोरं अभ्यासिकांत बसलेली असतात आणि त्यांच्या ताणतणावावर वर्तमानपत्रं अधूनमधून पुरवण्या काढतात. आमची नवी पेठ म्हणजे बाजार. साड्या, चपला, मोबाइलची कव्हरं, लग्नाचा बस्ता. पोरं इथंही अठरा-वीस वर्षांचीच आहेत, पण ती काउंटरच्या आत उभी असतात. आत उभ्या असलेल्याला ताण असू शकतो, हे बाहेरच्याला सहसा सुचत नाही.

पत्र अनावृत आहे, म्हणून पेठेतल्या वाचकांना तुमची ओळख करून देतो. जन्म मुंबईचा, वैद्यकीचं शिक्षणही तिथलंच. पुढं ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग झिम्बाब्वेत हरारे, आणि 1996 साली गोव्यात सहकाऱ्यांबरोबर ‘संगथ’ ही संस्था. आता हार्वर्डला प्राध्यापक. 2003 साली आलेल्या तुमच्या एका पुस्तकाचं नाव ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’. मनोविकारतज्ज्ञच जिथं नाही तिथं काय करायचं, हा तुमच्या सगळ्या कामाचा गाभा आहे. लाखामागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या देशात दुसरा गाभा असणार तरी कुठला!

तुमचं उत्तरही साधं आहे. गावातलीच, वस्तीतलीच समजूतदार माणसं घ्या, त्यांना नीट शिकवा, तज्ज्ञाची देखरेख ठेवा आणि त्यांना लोकांशी बोलू द्या. असं म्हणायला काय, कोणीही उभं राहील. तुम्ही मात्र ते मोजून दाखवलंत. गोव्यातल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत अशा समुपदेशकांमुळं उदासी आणि चिंतेचे रुग्ण जास्त संख्येनं बरे झाले, हे 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच अभ्यासात खासगी डॉक्टरांकडे मात्र तसा फरक दिसला नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. माझा तुमच्यावर विश्वास बसतो तो या दुसऱ्या वाक्यामुळं.

आता मुद्द्यावर येतो.

2012 साली तुमचा आणि सहकाऱ्यांचा आत्महत्यांवरचा लेख आला. पोलिसांच्या नोंदींवर न विसंबता, मृत्यू झालेल्या घरी जाऊन, घरच्यांशी बोलून कारण शोधणाऱ्या देशव्यापी पाहणीवर तो उभा होता. आत्महत्येनं गेलेल्या पुरुषांत 40 टक्के आणि स्त्रियांत 56 टक्के 15 ते 29 या वयातले निघाले. आमच्याकडे वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, ‘पोटदुखीला कंटाळून तरुणीने जीवन संपवले’. ही पोटदुखी नेमकी कसली, याच्या मागं कुणी लागत नाही. त्या पाहणीतली माणसं निदान उंबऱ्यापर्यंत गेली.

त्याआधी, 2001 साली छापून आलेल्या अभ्यासात, गोव्यातल्या उच्च माध्यमिक शाळांतल्या आठशेवर मुलामुलींना तुम्ही एक अवघड प्रश्न विचारला होता. गेल्या वर्षभरात कुणी तुमच्याशी लैंगिक त्रास देणारं वर्तन केलं का? सुमारे एक तृतीयांश जणांनी ‘हो’ लिहिलं. त्रास देणारे बहुतेक वेळा अनोळखी गुंड नव्हते, वरच्या वर्गातली मुलं किंवा मित्रच होते. आणि ज्यांनी हे सोसलं होतं त्यांची मनं जास्त विस्कटलेली होती. नैराश्याकडे नुसता ‘स्वभाव’ म्हणून न बघता त्याच्यामागचा घाव शोधायला हवा, हे आपल्या भागात इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी मांडलं आहे.

पण डॉक्टर, पोरांमधल्या तुमच्या कामाचं दार बहुतेक वेळा शाळेचं असतं. गोव्यात शाळा, दिल्लीत सरकारी शाळा, बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या शाळा. शाळेत मुलं एका जागी सापडतात, हजेरीपट असतो, सहा महिन्यांनी परत गेलं तरी तीच मुलं भेटतात. संशोधकाची ही सोय मला कळते. आमची पोरं मात्र दहावी-बारावीला त्या दारातून बाहेर पडलेली आहेत. करोनाच्या दोन वर्षांत काही त्याच्याही आधी पडली.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. समोर साड्यांच्या दुकानात एक मुलगी कामाला आहे. नाव, दुकान, दोन्ही सांगत नाही. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून येते, घरी तेलुगू, दुकानात मराठी, कर्नाटकातलं गिऱ्हाईक आलं की कानडी. आई विड्या वळते, वडिलांचा यंत्रमाग बंद पडलेला. एका बस्त्याला ती साठ-सत्तर साड्या उलगडून दाखवते. गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणून उठतं, आणि मग त्या सगळ्या साड्या घडीवर घडी, काठाला काठ जुळवून परत खोक्यात. तेवढ्यात गादीवरून विचारणा होते, “काय गं, गिऱ्हाईक का गेलं?” डबा खायचा जिन्याखालच्या स्टॉकच्या खोलीत, उभ्या-उभ्या. डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पट्टी ओढणीच्या टोकाला बांधलेली असते. ती मी पाहिली आहे, कारण सुट्ट्या पैशांसाठी आली की ती गाठ सोडते.

एकदा माझ्या बायकोशी ती थोडं बोलली. साडी हातात घेता-घेता मुद्दाम हात लावणारं एक गिऱ्हाईक होतं, दर आठवड्याला यायचं. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मालकाला सांगितलं तर ‘गिऱ्हाईक तोडतेस का’ म्हणतील. घरी सांगितलं तर उद्यापासून काम बंद, आणि आईनं बचत गटाचं कर्ज घेतलेलं. “अक्का, झोपच लागत नाही,” एवढं बोलून ती उठून गेली.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, हो. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी पेठेत चौकशी केली. अशी समिती असते हे ऐकलेलं माणूस मला तरी भेटलं नाही.

तुमच्याच चमूचा 2008 चा गोव्यातला अभ्यास सांगतो की 12 ते 16 वर्षांच्या मुलांत निदान करण्याजोगा मनोविकार फक्त 1.81 टक्क्यांना होता, आणि अडीअडचणीला घरचा आधार असलेल्या मुलांत तो आणखी कमी आढळला. पुढं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं 13 ते 17 या वयासाठी 7.3 टक्के हा आकडा दिला. आकड्यांच्या भांडणात मी पडत नाही. पण घरच्या आधाराबद्दल एक सांगतो. ही मुलगी घर सांभाळते. तिच्या पगारावर धाकट्या भावाची फी जाते. घर हा तिचा आधार आहेच, पण तेच घर तिला तोंड उघडू देत नाही. शाळकरी मुलाला विचारायची प्रश्नावली इथं तशीच्या तशी चालेल, असं मला वाटत नाही.

मोठं संकट आलं की आमच्याकडे अभ्यासक येतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली, जखमींना सोलापुरात आणलं, नंतर भूकंपग्रस्तांच्या मनावरच्या परिणामांचाही अभ्यास झाला. तो व्हायलाच हवा होता. पण दर आठवड्याला येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाचा भूकंपमापकावर कुठला आकडा?

आता तुमच्याच एका प्रयोगाचा आधार घेऊन मागणी करतो. नालंदातल्या सत्तरहून अधिक शाळांत तुम्ही दोन वाटा तपासल्यात. काही शाळांत बाहेरून नेमलेला, प्रशिक्षित साधा समुपदेशक, आणि काहींत तेच काम तिथल्याच शिक्षकाकडे. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी घटली, उदासी कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत जवळपास काहीच हललं नाही. ‘लॅन्सेट’नं 2018 साली हे छापलं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल. दुकानात काम केलेल्या कोणालाही वाटलं नसतं. मार्क ज्याच्या हातात, त्याच्यापाशी मन कोण मोकळं करणार!

म्हणून आमच्या पेठेत कुणी ‘मालकांसाठी मानसिक आरोग्य कार्यशाळा’ ठेवायला निघालं, तर कृपा करून अडवा. व्यापारी मंडळी चांगली आहेत, हारतुरे होतील, फोटो छापून येतील, आणि पगाराची उचल ज्याच्याकडे मागायची त्याच्यापुढंच पोरीनं रडायचं, असं होईल.

मला हवी आहे ती घरकुलातली, अशोक चौकाकडची एखादी तिशीतली बाई. बारावी शिकलेली, तेलुगू-मराठी दोन्ही सफाईनं बोलणारी. तुमच्या पद्धतीनं तिला शिकवा, अडचण नेमकी ओळखून एकेक पायरीनं सोडवायच्या त्या चार-पाच बैठका. दिल्लीच्या शाळांत त्या केल्यात तेव्हा मुलांच्या अडचणींचा भार हलका झाला, लक्षणांत फारसा फरक दिसला नाही, हेही मी वाचलं आहे. चालेल. भार हलका झाला तरी पुष्कळ झालं. पोरांसाठी एक पुरुषही हवा, कारण मोबाइलच्या दुकानातली पोरं दुखणं सांगत नाहीत, गुटख्याच्या पुड्या मोजतात. देखरेखीला सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागाला गळ घाला. येरवड्याचं मनोरुग्णालय इथून अडीचशे किलोमीटर आहे आणि तिथवर जायची पाळीच येऊ नये, यासाठी तर हा खटाटोप.

14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक 2022 पासून चालू आहे, मी तो काउंटरला चिकटवला आहे. लोक वाचतात. पण स्टॉकच्या खोलीत दार लावून फोनवर बोलत बसायला वेळ कोण देतो, आणि कोणाच्या देखत?

तुम्ही आलात किंवा तुमचं कोणी आलं, तर काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. बैठक दुपारी दोन ते चार घ्या, तेव्हा गिऱ्हाईक पातळ असतं. लग्नसराई आणि दिवाळीआधीचा महिना टाळा, कोणाला सोडणार नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, पोरंपोरी गड्ड्याच्या जत्रेला जातात, तेही टाळा, तेवढा एक आनंद त्यांचा. जागेवर पाटी नको. ‘समुपदेशन केंद्र’ असं लिहिलंत तर पहिल्याच दिवशी आत गेलेल्या पोरीला रात्रीपर्यंत वेडी ठरवतील. शिवणकामाचा वर्ग म्हणा, मोबाइल शिकवणी म्हणा. माझ्या दुकानामागं दहा बाय बाराची खोली आहे. तिला गल्लीतून स्वतंत्र दार आहे, म्हणजे समोरच्या गादीवरून कोण आत शिरलं ते दिसत नाही. पंखा चालू आहे, भाडं नको. किल्ली कोणाकडे द्यायची तेवढं कळवा.

आपला,
नवी पेठेतला एक दुकानदार