सोमवारची गाडी

करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो. एरवी अजमल खाँ मार्गावर, गफार मार्केटात, टँक रोडवर माणसाला खेटून माणूस चालतो. सोमवारी सकाळी मात्र दुकानांची लोखंडी दारे खाली ओढलेली असतात आणि गल्ल्या खरोखर किती रुंद आहेत ते कळते. अशाच एका गल्लीत पंधरा वर्षे दर सोमवारी नाना एका जुन्या मोटारीचे बॉनेट उघडून उभे राहत. गाडी प्रीमियर पद्मिनी, नोंदणी १९७५ सालची. एखादा सुटा भाग लागणार असेल तर तो रविवारीच नाईवाल्यातून आणून ठेवावा लागे, कारण सोमवारी तीही दुकाने बंद. नानांचा रविवार म्हणूनच निम्मा गाडीच्या यादीत जाई : एक गॅस्केट, दोन प्लग, डेल्कोचे पॉइंट, मूठभर पाने-बोल्ट.

नाना मूळचे सांगली जिल्ह्यातील विट्याजवळच्या एका गावचे. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली. नानांचे वडील, आबा, त्यांपैकीच एक. करोल बाग ही तशी उठून आलेल्यांचीच वस्ती. नवी राजधानी वसवताना जागा गेलेले लोक येथे आले, १९४७ नंतर पश्चिम पंजाबातील निर्वासित आले. त्यांच्यात हा माणदेशी माणूसही भट्टी पेटवून बसला. सराफांनी दिलेले जुने दागिने मुशीत घालायचे, टाकणखार टाकून वितळवायचे, सोन्यात त्याच्या दुपटी-तिपटीने चांदी मिसळून तेजाबात सोडायचे. चांदी विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी मातीसारखे दिसणारे शुद्ध सोने उरते. ते सोने आहे हे अनोळखी माणसाला सांगूनही पटत नाही.

या धंद्यात हळवेपणाला जागा नाही. कोणाच्या आईचे गोठ, कोणाच्या आजीची बोरमाळ, सारे एकाच मुशीत उतरते. सराफाकडून माल येई तेव्हा तो कोणाचा हे विचारण्याची रीत नव्हती. पण कधी कोणी बाई स्वतः वस्तू घेऊन आली, तर आबा एकदाच विचारत, “गाळायचंच ना?” ती ‘हो’ म्हणाली की पुन्हा प्रश्न नाही. नानांनीही ती रीत मोडली नाही.

अशा आबांनी १९८३ साली ही गाडी दुसऱ्याकडून विकत घेतली. त्या काळी नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि जुनी गाडी मिळणे हेही भाग्य समजले जाई. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीशेजारच्या गुडगावातून पहिली मारुती बाहेर पडली. आबांना ती खेळण्यासारखी वाटली. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्यात, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, आणि तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. आबांना एवढे पुरेसे होते. “आपल्याकडची गाडी आहे,” असे ते पंजाबी शेजाऱ्यांना सांगत. मूळ आराखडा इटलीतल्या फियाटचा, हे सांगण्याची त्यांना गरज वाटत नसे.

गावच्या जत्रेला ही गाडी जाई. आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, पुणे असा सुमारे दीड हजार किलोमीटरचा रस्ता आणि तीन दिवसांचा प्रवास. पुढची बैठक सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, म्हणून पुढे तिघे सहज मावत. मागे मुले, बोचकी आणि पाण्याचे डबे. डबे माणसांसाठी कमी, गाडीसाठी जास्त. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात रेडिएटर उकळे. आबा गाडी कडेला घेत, टोपणावर ओले फडके टाकत आणि मुलांना लांब उभे करत. तेवढ्या अर्ध्या तासात आई भाकरी सोडी. नानांच्या लेखी महाराष्ट्र तेथूनच सुरू होई, घाटातल्या त्या भाकरीपासून आणि वाफेच्या वासापासून.

नव्वदीच्या दशकात अनेकांनी खर्च वाचवण्यासाठी पद्मिनीत डिझेलचे इंजिन बसवून घेतले. आबांनाही मिस्त्रीने तसे सुचवले होते. आबा म्हणाले, “माणसाचं काळीज बदलून वर त्याच नावानं हाक मारायची का?” रोज सोने गाळणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य जरा चमत्कारिकच होते. पण इंजिन तेच राहिले, एक हजार एकोणनव्वद घनसेंटिमीटरचे. दोनदा बोअर झाले, पिस्टन बदलले, ठोकळ्यावरचा क्रमांक मात्र मूळचाच.

आबा २००८ साली गेले. गाडी दोन वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. उंदरांनी बैठकीत घर केले, तळाचा पत्रा गंजून हात आरपार जाईल असा झाला. २०१० मध्ये नानांनी ती दुरुस्त करायला घेतली. घाई नव्हती, पैसाही बेताचा होता. एका वर्षी फक्त तळ झाला, दुसऱ्या वर्षी ब्रेक आणि तारा. कार्ब्युरेटर तर नानांनी घरच्या जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून इतक्या वेळा उघडला की धाकट्या मुलालाही त्याचे भाग पाठ झाले. २०१४ च्या दिवाळीत रंग पुरा झाला, मूळचाच फिकट दुधी. आणि २६ नोव्हेंबर २०१४ रोजी राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला : पंधरा वर्षांहून जुनी वाहने दिल्लीच्या रस्त्यांवर चालवता येणार नाहीत. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

पुढची कथा दिल्लीकरांना ठाऊक आहे. २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मर्यादा उचलून धरल्या. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच मिळणार नाही असे ठरले आणि लोकांच्या ओरडीनंतर काही दिवसांतच ते थांबवले गेले. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीची कारवाई नको म्हटले, डिसेंबरात तो दिलासा भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरताच ठेवला. १९७५ च्या गाडीला कोणतीच स्टेज नाही. भारतात असे मानक येण्याच्या पाव शतक आधी ती जन्मली होती. नाना प्रत्येक बातमी कापून ठेवत आणि सोमवारी इंजिन चालू करून दहा मिनिटे ऐकत बसत. गाडी गल्लीच्या टोकाशी जाई आणि परत येई. तेवढाच तिचा प्रवास.

पुरातन वाहनांचा नियम २०२१ च्या जुलैत निघाला होता. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली खासगी गाडी वीस हजार रुपये शुल्क भरून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पद्मिनीला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. डिझेल इंजिनाला नकार देणाऱ्या आबांचा हट्ट असा तीस वर्षांनी उपयोगी पडणार होता. परंतु त्याच नियमात पुढे लिहिले आहे की अशी गाडी नित्याच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

“म्हणजे पेटीतला दागिना,” नाना म्हणाले.

“मग काय वाईट आहे, बाबा?” सुनेने विचारले.

“दागिना निदान लग्नात घालता येतो.”

सून त्यावर हसली नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीची हवा नेहमीप्रमाणे बिघडली होती आणि पाच वर्षांची नात रात्री वाफेच्या यंत्राची नळी नाकाशी धरून बसत होती. एका सोमवारी नानांनी इंजिन चालू केले तेव्हा सुनेने वरच्या मजल्याची खिडकी लावून घेतली. ती काही बोलली नाही. खिडकीचा आवाज नानांना इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. शहराच्या त्या अफाट धुरात आपल्या दहा मिनिटांचा वाटा किती, असा हिशेब त्यांनी मनाशी करून पाहिला. हिशेब बरोबर होता. तरी बॉनेट लावून ते लवकर वर आले.

मार्ग तीन होते. एक, भंगार : अधिकृत केंद्रात गाडी देऊन पत्र्याच्या वजनाने पैसे घ्यायचे. दुसरा, ‘व्हिंटेज’ नोंदणी. तिसरा, ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दिल्लीबाहेर विकणे. विट्याला चुलतभावाचा मुलगा गॅरेज चालवतो. लहानपणी बिजासन घाटात लांब उभ्या केलेल्या मुलांत तोही एकदा होता. त्याने फोनवर सांगितले, “नाना, मला द्या. इथं तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. चालती ठेवीन.”

घरात यावर बरेच दिवस बोलणे झाले. पत्नीचे म्हणणे एकच होते, “अहो, जे करायचं ते आता करा. तुमच्या माघारी पोरं ताडपत्रीच घालतील.” सुनेचा प्रश्न अवघड होता. “इथला धूर वाईट, तर विट्यात तो चांगला कसा होईल, बाबा?” नानांकडे उत्तर नव्हते. तेथे वस्ती विरळ, गाडी आठवड्यातून एखादेवेळी निघेल, असे काहीतरी ते म्हणाले. ते उत्तर पुरे पडत नाही हे त्यांनाही कळत होते, आणि सुनेने ते ताणले नाही हा तिचा समजूतदारपणा.

नाईवाल्यातल्या मिस्त्रीला त्यांनी विचारले. मिस्त्री म्हाताऱ्या सरदारजींचा मुलगा, त्याच्या वडिलांनी आबांची गाडी सांभाळलेली. तो म्हणाला की आता या गाडीचे काम जाणणारा त्याच्या दुकानात तो एकटाच आहे, मुले संगणक लावून दोष शोधतात आणि या गाडीला संगणक लावायला जागाच नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, तेव्हापासून सुटे भागही दुर्मीळ झाले. “भंगारात मात्र देऊ नका, नानाजी,” एवढे तो आपणहून म्हणाला.

त्या आठवड्यात एक बाई पाटल्या घेऊन भट्टीवर आली. नानांनी त्या कसाला लावल्या, वजन केले आणि सवयीने विचारले, “गाळायचंच ना?” बाई म्हणाल्या, “सुनेला नव्या घडणीच्या बांगड्या करायच्या आहेत. सोनं घरातच राहील.” नानांनी मूस भट्टीत ठेवली. रात्री त्यांनी विट्याला फोन केला.

पुतण्याने किंमत विचारली तेव्हा घरातल्यांना वाटले की नाना नको म्हणतील. नानांनी बाजारभावाने आकडा सांगितला आणि एक रुपया कमी केला नाही. फुकट मिळालेली गाडी कोणी पुसत नाही, असे त्यांचे मत. जानेवारीतल्या एका सोमवारी, गल्ली रिकामी असताना, ट्रेलर आला. चालक तरुण होता. आत बसून त्याने गिअर शोधला, खाली कुठेच दांडा दिसेना, तेव्हा तो ओशाळून बाहेर आला. मग नानाच चढले. चोक ओढला, क्लच दाबला, खांबाचा दांडा पहिल्यात टाकला आणि गाडी दोन फळ्यांवरून सरळ वर नेली. हातब्रेक ओढून ते थोडा वेळ आतच बसून राहिले. चालकाने घाई केली नाही.

पुढच्या सोमवारी गाडीच्या जागी शेजाऱ्यांची स्कूटर उभी होती. नाना खाली आले, बंद दुकानांवरून नाईवाल्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. वर येतात तोच फोन वाजला. विट्यात थंडी होती आणि गाडी सुरू होत नव्हती.

“चोक पुरा नको, अर्धाच ओढ,” नाना म्हणाले. “आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ. आता मार सेल. फोन बंद करू नकोस, मला ऐकू दे.”