अंदमानची पाखरे आणि गुहेचे राखणदार

अंदमान म्हटले की आपल्याकडे काळे पाणी आणि तो तुरुंग एवढेच डोळ्यांपुढे येते. आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये तिकडे पाखरे बघायला निघालो, तेव्हा कचेरीत हसू झाले. पाखरे काय, कल्याणच्या खाडीतही आहेत! आहेतच. पण जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या वीसहून अधिक जाती या बेटांवर आहेत. चार घरची मिळून आम्ही अकरा माणसे, पतपेढीचे थोडे कर्ज काढून, चेन्नईहून बोटीने निघालो. तीन दिवस नुसते पाणी.

पोर्ट ब्लेअरला (याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले) उतरल्यावर पहिल्याच सकाळी सिप्पीघाट गाठला. उथळ पाण्यात वाळलेल्या झाडांचे खुंट, त्यांवर बगळे. कडेला जांभळ्या पाणकोंबड्या आणि डोळ्याभोवती पांढरे कडे असलेली अंदमानी बदके. मुले हरखून गेली. मग कळले की हे तळे नव्हे, ही भाताची शेते होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन सुमारे एक मीटर खचली आणि शिरलेला समुद्र परत गेलाच नाही. पक्षी बघणाऱ्यांची पर्वणी खरी, पण आपल्या भाषेत सांगायचे तर कुणाचा तरी सातबारा पाण्याखाली आहे.

चिडिया टापूला संध्याकाळी तपकिरी भारद्वाज आणि अंदमानी टकाचोर दिसले. ते सर्व सांगत बसत नाही. सांगायचे आहे ते उत्तरेकडच्या डिगलीपूरचे.

तिकडची वाट जारवांच्या अरण्यातून जाते. पोलिसांसोबत गाड्यांचा ताफा सोडतात. थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. तरीही काही प्रवासी माणसे बघायला खिडकीला नाक लावून बसतात. आम्हाला त्याची शरम वाटली.

डिगलीपूरजवळ रामनगरच्या डोंगरात लहानमोठ्या गुहा आहेत. चिमणीपेक्षाही लहान अशी पाकोळी तिथे राहते. किर्र अंधारात टक्‌टक् आवाज काढून, त्याच्या पडसादावर ती वाट शोधते. घरटे बांधते ते स्वतःच्या लाळेचे. एकाला महिनाभर किंवा जास्तच लागतो. या घरट्याचे सूप चिनी लोकांत फार मानाचे, म्हणून घरट्याला चांदीचा भाव. चोर अंडी-पिलांची पर्वा न करता घरटी खरवडून नेत. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर याच जातकुळीची पाकोळी आहे, तिच्याही नशिबी हेच आले होते.

कोईमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्रातले डॉ. रवी शंकरन यांनी अंदमानातल्या गुहा पायी हिंडून तपासल्या. त्यांच्या लक्षात आले की नुसत्या कायद्याने हे थांबणार नाही. १९९९ पासून वनखात्याबरोबर त्यांनी राखण सुरू केली आणि राखणीला नेमले ते घरटी काढणाऱ्यांनाच! राखलेल्या गुहांतली पाखरे वाढू लागली. पिले उडून गेल्यावर रिकामी घरटी काढावीत, आणि त्याचा पैसा स्थानिकांना मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी २००९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते गेले.

विणीचा हंगाम म्हणून आम्ही गुहेत शिरलो नाही. बाहेर एक वयस्क गृहस्थ भेटले. आधी घरटी काढणारे, मग राखणदार. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. हिंदीत म्हणाले, "बाहेरचा शिपाई दाराशी बसेल. आतली फट कुठली, शिडी कुठे लागते, ते आम्हालाच ठाऊक. पगार मिळाला तेव्हा पहिल्यांदा रात्री न घाबरता झोपलो." त्यांचे आजोबा छोटानागपूरहून जंगलकामाला आणलेले. या लोकांना तिकडे 'रांची' म्हणतात. मूळ मुलुखात अनुसूचित जमातीत असलेली ही माणसे अंदमानात मात्र त्या यादीत नाहीत! शंभर वर्षे जंगल तोडायला, रस्ते बांधायला हीच माणसे. काकांच्या नातवाने दाखला कुठून आणायचा?

निकोबारला परवान्याशिवाय जाता येत नाही, म्हणून तिथला मेगापोड बघायचा राहिला. कोंबडीएवढा हा पक्षी किनाऱ्यालगत वाळू-पाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी पुरतो. ढिगाच्या उबेने पिलू तयार होते आणि स्वतःच उकरून बाहेर येते. त्सुनामीत असे कितीतरी ढीग वाहून गेले. ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया खाडीतले अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाले, कारण तिथे मोठे बंदर व्हायचे आहे. त्सुनामीनंतर छावणीत आणलेले निकोबारी लोक आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या म्हणून मागणी करीत आहेत. त्यांना राखणीला बसवावे असे अजून कुणाच्या मनात आलेले दिसत नाही.

जाणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्च साधावा, मे सरता सरता पाऊस लागतो. बोटीची तिकिटे आधी काढावीत. दुर्बीण एक असली तरी चार घरांना पुरते. आमच्यात ती मुलांच्याच हातात राहिली.