एक रुपयाचा डायोड

२००३ साली डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्याकडे शेतीची लाईट रात्री-अपरात्री यायची आणि वडील बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जायचे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, पाणी तळाला गेलं की बंद पडावी, असं यंत्र मी प्रोजेक्टला घेतलं. ८०५१ मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्राम चालला, एलईडी लागला; मोटर चालू-बंद करणारा रिले मात्र ढिम्म. मध्ये ट्रान्झिस्टर घालूनही हलेना.

बोर्ड घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांनी मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला मीटर लावला.

"अरे, ही पिन करंट खाली ओढते, वर ढकलत नाही. एलईडी तू ओढून पेटवलास. रिलेला तीस मिलीअ‍ॅम्प लागतात, ही वर मिलीअ‍ॅम्पचा जेमतेम एक अंश देते. तिच्याकडे जोर मागू नकोस. तिने फक्त ट्रान्झिस्टरला हो-नाही सांगायचं. जोर बारा व्होल्टच्या सप्लायचा."

पाच व्होल्टपासून ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत त्यांनी ३.३ किलोओमचा रेझिस्टर जोडला. रिले टक्कन वाजला.

आठवड्याने मी परत त्यांच्या दारात. ट्रान्झिस्टर उडाला होता. काका रागावले नाहीत.

"डायोड कुठाय? कॉइल बंद केलीस की तिच्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते. तू वाट ठेवली नाहीस, तिने ट्रान्झिस्टर फोडला." कॉइलवर त्यांनी १एन४००७ उलटा बसवला, पट्टी प्लसकडे. मग स्वतःच्या वहीत चित्र काढून दाखवलं: पाच व्होल्टची पिन, बारा व्होल्टचा रिले, स्टार्टरची २३० व्होल्टची कॉइल आणि शेवटी पाच एचपीची मोटर. प्रत्येक जण पुढच्याला फक्त इशारा देतो, हे मला त्या पानावर कळलं. त्यांचा अर्धा दिवस माझ्यात गेला. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळली.

त्या उन्हाळ्यात एका रात्री दोन वाजता लाईट आली, मोटर सुरू झाली. वडील घरी झोपलेले होते.

पेढे घेऊन काकांकडे गेलो, पैसे पुढे केले. त्यांनी पेढा घेतला आणि डायोडचा एक रुपया घेतला. बाकीचं देणं अजून माझ्या अंगावर आहे.