अडलेलीं खोकीं

यंत्राबरोबर जी सूचना-पुस्तिका येते, ती कोणी तरी लिहिलेली असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं. ती लिहिणें हाच आमचा व्यवसाय. अठरा वर्षें तो पगारावर केल्यानंतर गेल्या आषाढांत आमची जागाच रद्द झाली, तेव्हां तोच आतां स्वतंत्रपणें करावा असें आम्हीं ठरविलें. घराचे हप्ते चालू होते व कन्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत होती.

पहिल्या चार महिन्यांत आम्हीं शंभरावर पत्रें ई-मेलनें धाडलीं. 'दीर्घ अनुभव, उत्तम इंग्रजी' हें स्वतःचें वर्णन इतक्या वेळां लिहिलें कीं, अखेरीस आमचाच त्यावरचा विश्वास उडाला. उत्तरें तीन आलीं. एका गृहस्थांनीं नमुन्यादाखल वीस पानें विनामूल्य मागितलीं. आम्हीं तीं भाबडेपणानें दिलीं, आणि पुढें त्यांचा दूरध्वनि लागेनासा झाला. मुलगी पहावयास येऊन पोहे खाऊन जाणारे पाहुणे त्या दिवशीं आम्हांस प्रथमच नीट समजले!

पुढें एकदां भोसरीस एका परिचितांच्या कारखान्यांत जाणें झालें. ते लहान पंप करून युरोपांत पाठवितात. भिंतीशीं रचलेल्या खोक्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "माल तयार आहे हो, पुस्तिकेनें अडविलें आहे." जर्मन भाषांतरकारानें मूळ इंग्रजी मजकुरावर अकरा शंका काढून तो परत केला होता. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशान्वयें, आणि २० जानेवारी २०२७ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमावलीन्वयेंही, यंत्राबरोबर त्या त्या देशाच्या भाषेंत सूचना द्याव्या लागतात व उरणारे धोके स्पष्ट सांगावे लागतात. येथें तर 'वीज बंद करा' ही सूचना तारा जोडून झाल्यावर आली होती!

आम्हीं तेथेंच, पत्र्याच्या टेबलावर, तें पान पुन्हां लिहून काढलें. धोका आधीं, कृति मागाहून. एका सूचनेंत एकच कृति. आणि वाक्य वीस शब्दांच्या आंत. (विमान-उद्योगांत रूढ झालेल्या 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश'मध्यें सूचनांना हीच मर्यादा आहे.) त्यांनीं पान वाचलें, फोरमनला वाचावयास दिलें, व विचारलें, "सगळ्याचे किती घ्याल?"

आमच्या शंभर पत्रांत आम्हांविषयीं सर्व कांहीं होतें. अडलेल्या खोक्यांविषयीं एक अक्षर नव्हतें.

पैसे तोंडानें मागण्याचा संकोच आमच्यासारख्या घरांतून पिढीजात. तरीही मन घट्ट करून आंकडा सांगितला व निम्मे आगाऊ मागितले. त्यांनीं घासाघीस न करितां ते दिले. आम्हीं फारच कमी सांगितलें असावें, असें सौभाग्यवतींचें मत आहे. नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचें देणें, करार कांहींही असो, ४५ दिवसांच्या आंत चुकतें करावें, असा २००६ चा कायदा आहे. ती नोंदणीही त्याच आठवड्यांत उरकली.

दुसरें गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यांतूनच मिळालें. तिसरें अद्याप यावयाचें आहे, आणि कन्येचें शुल्क १५ तारखेस भरावयाचें आहे. उद्यां सकाळीं पुन्हां भोसरीस जाणार आहों. या खेपेस पत्रें न घेतां, बाजारांतून आणलेल्या तीन सदोष पुस्तिका व तांबडी पेन्सिल घेऊन.